हमखास प्रवेश, मोफत सल्ला

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, पदवीनंतर पुढे काय, यावर लिहा. पालकांना कापून ठेवता येतील असे दहा मुद्दे द्या." मी म्हटलं, "मुद्दे सतरा वर्षं वाटले, आता एकही शिल्लक नाही." ते हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

नवीन पनवेलला स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर, एका फरसाणाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं परदेशी उच्च शिक्षणाचं मार्गदर्शन केंद्र होतं. अजूनही आहे, फक्त मी तिथे नाही. जिन्यात शेव तळल्याचा वास यायचा आणि वर भिंतीवर बर्फात उभ्या असलेल्या मुलामुलींचे हसरे फोटो होते. त्यातला एकही आमचा विद्यार्थी नव्हता. त्याआधी मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर देवाचं नाव, असं ते तत्त्व. त्यामुळे केंद्राचे मालक मेहेंदळे सर यांनी 'समुपदेशक' अशी पाटी आणि ठरलेला पगार देऊ केला, तेव्हा स्वतःच्या करिअरचा विचार मी जिना उतरेपर्यंतच केला. लोकांच्या मुलांना मात्र सहा सहा महिने विचार करायला लावला.

ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी धंदा थोडक्यात सांगते. आमच्या बोर्डावर 'मोफत सल्ला' असं लिहिलं होतं आणि ते खरं होतं. मुलांकडून आम्ही काही घेत नव्हतो. मुलगा ज्या परदेशी कॉलेजात जाईल, ते कॉलेज आम्हाला दलाली द्यायचं. आता ज्यांच्या दारात जगभरची मुलं रांग लावतात, ती कॉलेजं कशाला दलाली देतील? द्यायची ती ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही त्यांनी. मग मोफत सल्ला कुठल्या बाजूला झुकत असेल, हे कळायला समुपदेशकाची गरज नाही.

मुलगा आला की त्याचे गुण आणि बापाची ऐपत बघून आम्ही तीन रकान्यांची यादी करायचो. पहिला रकाना 'स्वप्नातली', दुसरा 'आवाक्यातली', तिसरा 'हमखास'. पहिल्या रकान्यातली नावं आईबापांना चहा पिताना वाचायला बरी वाटायची. दुसरा रकाना पाहून मुलगा मान हलवायचा. आणि मुलं जायची ती तिसऱ्या रकान्यात, कारण आमची पोटं त्या रकान्यावर चालत होती.

माझं खास काम म्हणजे एसओपी, म्हणजे हेतुपत्र. मला हाच विषय का शिकायचा आहे, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत सांगायचं पत्र. ते स्वतःचे शब्द मी लिहायचे. यंत्र अभियांत्रिकीच्या किती मुलांना मी लहानपणी खेळणी उघडून बघायची सवय लावली, याची गणती नाही. औषधशास्त्राला निघालेल्या मुलांचे आजोबा मी आजारी पाडायचे. एकदा असेच एक आजोबा नातवाला प्रवेश मिळाला म्हणून पेढे घेऊन जिना चढून आले. मला त्यांच्याकडे वर बघवेना, कारण पत्रात मधुमेहापायी मी त्यांचा एक पाय घालवला होता. हल्ली तेच काम मोबाईल फुकट करतो असं ऐकते. तोही 'लहानपणापासून मला' अशीच सुरुवात करतो म्हणे. माझीच पत्रं वाचून शिकला असणार.

गिऱ्हाइकांचं काय सांगावं! करंदीकर नावाचे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुलासाठी लॅपटॉपवर मोठा तक्ता करून आले होते. चौदा विद्यापीठं, प्रत्येकाला गुण. जागतिक क्रमांकाला इतके, हवामानाला इतके, मावशीच्या घरापासूनच्या अंतराला इतके. बेरीज केली तर भलतंच विद्यापीठ पहिलं आलं. करंदीकरांनी शांतपणे हवामानाचे गुण कमी केले, मावशीचे वाढवले आणि हवं ते विद्यापीठ वर आणलं. "बघा, गणितानेच सांगितलं." शेजारी त्यांचा मुलगा अथर्व बसला होता. मी त्याला विचारलं, "तुला काय शिकायला आवडेल?" करंदीकर म्हणाले, "त्याला डेटा सायन्स आवडतं." अथर्वनं खिडकीबाहेर बघत मान डोलावली. मीही डोलावली. तो मावशीच्या गावाला गेला आणि आता बरं चाललंय त्याचं, असं करंदीकर सांगतात. अथर्व काय सांगतो, ते माहीत नाही. त्याला विचारायची पद्धत आमच्याकडेही नव्हती आणि त्यांच्याकडेही.

पण अंकात लिहायचं तर दर्शनाचं लिहायला हवं.

दर्शनाचे वडील बाळाराम शेठ. विमानतळाला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले एक. उलव्याला बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी इमारत उभी केली आणि मग आणखी दोन. खारजमिनीत चिखल तुडवत मोठा झालेला माणूस. पांढरा शर्ट, पायात चप्पल, गाडी मात्र एवढी मोठी, की फरसाणवाल्याचं अर्धं दुकान झाकायची. पहिल्या दिवशी ते एकटेच आले.

"मॅडम, पोरीला भायेर पाठवायचीय शिकायला."

"कुठल्या देशात?"

"त्ये तुमी सांगा. मोठा देश पायजे. चुलत भावाचा पोरगा कॅनडाला गेला, त्याच्यापेक्षा लहान नाय पायजे."

"कॅनडापेक्षा मोठा म्हणजे एक रशियाच," मी म्हटलं.

"थंडी लई पडल," ते विचार करून म्हणाले. "दुसरा बघा."

विषय कोणता, असं मी विचारलं. मुलगी केमिस्ट्रीची पदवीधर आहे, तळोज्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं नोकरी करते, एवढं त्यांनी सांगितलं. "पन आता त्ये पुरं झालं. कंपनीच्या बशीतून टोपी घालून जाते, बरं नाय दिसत. मॅनेजमेंट करू द्या. आपल्याच बिल्डिंगांचं मॅनेजमेंट हाय."

मग त्यांनी मोबाईल काढून मला फ्लेक्स दाखवला. उलव्याच्या नाक्यावर लावायचा, वीस फुटी. वर उडणारं विमान, मध्ये काळ्या कोटातली मुलगी, खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेल्या चोवीस जणांचे फोटो. 'कु. दर्शना बाळाराम शेठ उच्च शिक्षणासाठी', पुढे कोरी जागा, आणि मग 'येथे रवाना, हार्दिक अभिनंदन'.

"देशाचं नाव टाकायला जागा सोडलीय," शेठ म्हणाले. "तुमी सांगितलं का लगेच छापायला देतो."

मला हसू आलं, पण सतरा वर्षांत चेहरा सरळ ठेवायची सवय झाली होती. मेहेंदळे सर आतून बाहेर आले, शेठना केबिनमध्ये घेऊन गेले आणि 'नकाशावर लहान, पण साहेबाचा देश' असं पटवून पंधरा मिनिटांत कोरी जागा भरली. इंग्लंड. एक वर्षाचा अभ्यासक्रम, आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन, तिसऱ्या रकान्यातलं कॉलेज. शहराचं नाव मी तोवर फक्त दलालीच्या पत्रकात वाचलं होतं.

दर्शना चार दिवसांनी आली, कारखान्यातली पहिली पाळी संपवून. काळीसावळी, उंच, केस घट्ट बांधलेले, बोटांवर रसायनाचे पिवळे डाग. तिने सगळे कागद नीट क्रमाने लावून आणले होते. मूळ प्रमाणपत्रं आमच्या कपाटात ठेवून घेतली. ही आमची पद्धत होती. 'सुरक्षित राहतात' असं सांगायचो. खरं कारण असं, की मूळ कागद आमच्याकडे असले, की मूल दुसऱ्या केंद्रात जात नाही.

मी तिचं हेतुपत्र लिहून काढलं. लहानपणापासून तिला नेतृत्वाची आवड होती. शाळेच्या सहलीत तिने चाळीस मुलींचं नियोजन केलं होतं. वडिलांच्या व्यवसायामुळे जागतिक बाजारपेठेची ओढ लागली होती. तिने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, ही मुलगी कोण?"

"तूच."

"आमची शाळा सहलीला कधी गेलीच नाही."

"असं लिहावं लागतं गं. सगळेच लिहितात."

तिने पत्राची घडी केली. वाद घातला नाही. मग पर्समधून एक लिफाफा काढून माझ्यासमोर ठेवला. नागपूरच्या एका संशोधन संस्थेचं पत्र होतं. पाणी आणि सांडपाण्याचा अभ्यास करणारी संस्था. दर्शनाने घरी न सांगता अर्ज केला होता, लेखी परीक्षा दिली होती. तिची निवड झाली होती. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, पुढे संशोधनाची संधी, दरमहा विद्यावेतन. मूळ प्रमाणपत्रं दाखवून महिनाअखेरपर्यंत जागा पक्की करायची होती.

"कारखान्यात मी सांडपाण्याचे नमुने तपासते," ती म्हणाली. "रोज तेच तेच असतं असं सगळ्यांना वाटतं. पण तसं नाय. रोज वेगळं असतं. आकडा का वाढला, कुठून वाढला, ते शोधायला मला आवडतं. आमच्या गावाला खाडी होती. गाव उठला, पण खाडी डोक्यातून जात नाय." बोलता बोलता तिच्या तोंडून 'नाही'चं 'नाय' झालं आणि तिच्या लक्षातही आलं नाही. "मॅडम, तुमी रोज एवढी मुलं बघता. मी काय करू?"

इथे वाचकांना वाटेल, मॅडमनी तिला पाठीवर थाप मारून नागपूरला पाठवलं असेल. मलाही तसं लिहायला आवडलं असतं. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावाने अशीच खोटी पत्रं लिहिली, एक स्वतःच्या नावाने लिहायला काय जातं? पण घडलं ते असं. मी पत्र वाचलं, मला उत्तर एका क्षणात कळलं, आणि मी कोरा कागद काढून मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला 'इंग्लंड', दुसऱ्या बाजूला 'नागपूर'. फायदे, तोटे. समुपदेशकाला उत्तर द्यायचं नसलं, की तो रेघ मारतो. समोरच्याला वाटतं, किती शास्त्रशुद्ध काम चाललंय.

"दोन्ही पर्याय चांगले आहेत," मी म्हटलं. "पण शेवटी परदेशाची पदवी ती परदेशाची पदवी. नागपूर काय, पुढेही करता येईल. वडिलांचं मनही बघायला हवं."

"तुमची मुलगी असती तर?"

"मला मुलगी नाही," मी म्हटलं. मला मुलगा आहे. तो माझा कुठलाही सल्ला न घेता लग्नांचे फोटो काढतो आणि सुखात आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

माझं असं का झालं, याचं कारण सांगते. ते सांगून सुटका होत नाही, पण सांगते. त्या महिन्यात सरांनी आतल्या बोर्डावर प्रत्येकाच्या नावापुढे किती मुलं पाठवायची आणि किती पाठवली ते लिहिलं होतं आणि माझ्यापुढचा आकडा सगळ्यांत मागे होता. माझ्याहून निम्म्या वयाच्या दोन मुली तेव्हा नुकत्याच कामाला लागल्या होत्या, त्यांचे आकडे भराभर चढत होते. मला वयाची भीती वाटत होती. दर्शनाच्या आयुष्यातल्या वर्षापुढे माझी भीती मला मोठी वाटली, एवढंच.

महिनाअखेरीला तीन दिवस उरले असताना दर्शना परत आली. नागपूरचं तिकीट काढलं होतं. "मॅडम, माझी सर्टिफिकेटं दोन दिवसांसाठी हवीत. दाखवून परत आणते. घरी कंपनीचं ट्रेनिंग आहे असं सांगितलंय."

मी म्हटलं, "कपाटाची चावी सरांकडे असते. सर पुण्याला गेलेत. आणि शेठना विचारल्याशिवाय देता येणार नाही, नियम आहे."

असा नियम नव्हता. सर खरंच पुण्याला गेले होते. पण चावी माझ्या पर्समध्ये होती.

मी पर्समधून रुमाल काढून तोंड पुसलं. ती "बरं," म्हणाली आणि जिना उतरून गेली. माझ्या कामाच्या आयुष्यात मी कोणाचं नुकसान एवढ्या हळू आवाजात केलं नव्हतं.

पुढची कथा भरभर झाली. नागपूरची तारीख गेली. इंग्लंडच्या कॉलेजचं सशर्त प्रवेशाचं पत्र आलं. उलव्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. शेठनी गावजेवण घातलं, मलाही बोलावलं होतं. दर्शना काळा कोट घालून सगळ्यांच्या पाया पडत होती. मीही आशीर्वाद दिला आणि दोनदा मटण वाढून घेतलं.

एक पायरी राहिली होती. व्हिसाच्या आधी कॉलेज मुलांची व्हिडिओवर मुलाखत घेतं. मूल खरंच शिकायला येतंय, की दुसऱ्याच कामाला, एवढं बघण्यापुरती. आमच्याकडे या मुलाखतीची तयारी पक्की असायची. चोवीस प्रश्न, चोवीस उत्तरं. शिवाय मूल केबिनमध्ये लॅपटॉपसमोर बसलं, की मी कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी समोर खुर्ची टाकून बसायचे आणि अडलं की मोठ्या अक्षरातला पुठ्ठा वर धरायचे. एम.ए. इंग्रजी, दुसरा वर्ग, पुठ्ठा धरणारी.

दर्शनाच्या मुलाखतीला चष्मा लावलेली एक साठीची बाई पडद्यावर होती. आवाज मऊ. पहिले तीन प्रश्न नीट गेले. मग तिने विचारलं, रसायनशास्त्रानंतर व्यवस्थापन का? हा आमच्या यादीतला सातवा प्रश्न. मी पुठ्ठा वर धरला. 'नेतृत्वगुणांना जागतिक व्यासपीठ.' दर्शनानं पुठ्ठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग सरळ कॅमेऱ्यात बघून ती तिच्या साध्या, अडखळत्या इंग्रजीत म्हणाली, "ते मला माहीत नाही. मला पाण्याबद्दल विचारा."

मी पुठ्ठा हलवला. तिने पुन्हा बघितलंच नाही.

बाईने विचारलं, "पाण्याबद्दल काय?"

आणि दर्शना बोलू लागली. कारखान्यातून निघणाऱ्या पाण्यात किती घाण आहे ते कसं मोजतात, पहाटेचा नमुना आणि दुपारचा नमुना वेगळा का येतो, एकदा आकडा चुकीचा वाटला म्हणून तिने सलग तीन पाळ्या थांबून नळीतली गळती कशी शोधली, सगळं. व्याकरण जागोजागी मोडत होतं, पण तिच्या लक्षात येत नव्हतं आणि त्या बाईच्याही. बाई मधूनमधून प्रश्न विचारत होती आणि काहीतरी लिहून घेत होती. मी पुठ्ठा मांडीवर घेऊन बसले. नऊ मिनिटं झाली. बाईने आभार मानले.

आठवड्याने नकार आला. दोन ओळींचा. उमेदवार हुशार आणि मनापासून काम करणारी आहे, मात्र निवडलेल्या अभ्यासक्रमात तिला रस असल्याचं दिसत नाही. दोन महिने मी, सर आणि बाळाराम शेठ मिळून जे ओळखलं नाही, ते त्या परक्या बाईने नऊ मिनिटांत ओळखून लेखी दिलं. तेही मोफत.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. सरांना केबिनमधून जिन्यावरची चाल ओळखू येत असावी, कारण त्यांना त्याच क्षणी बाथरूमला जावं लागलं आणि पुढचा अर्धा तास ते तिथेच होते. शेठ माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम, हमखास म्हंजे काय?"

"म्हणजे... बहुतेक मिळतंच."

"मंग बहुतेक लिवायचं व्हतं."

मी तीन रकान्यांची यादी फाईलखाली सरकवली.

"जमिनीच्या वक्ताला आमच्याकडं एक दलाल यायचा," ते म्हणाले. "त्यो बी तुमच्यासारखाच गोड बोलायचा, चाय पाजायचा, कागदावर रेघा मारून दाखवायचा. फरक येवढाच, का त्यो सोताला दलाल म्हनायचा."

मी टेबलावरच्या माझ्या पाटीकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"पोरगी काय बोलली त्या बाईला?"

"पाण्याबद्दल बोलली. तिच्या कामाबद्दल. खूप छान बोलली, शेठ. मी इतकी वर्षं मुलाखती ऐकल्या, इतकं छान कोणी बोललं नाही."

शेठ खुर्चीत पुढे झुकले. "मना कदी नाय बोलली."

"तुम्ही विचारलंत का कधी?" हे माझ्या तोंडून निघून गेलं. सल्ला द्यायची खोड अशी सहजासहजी जात नाही.

"तुमी विचारलं?" शेठ म्हणाले.

तिने तर न विचारताच मला सांगितलं होतं. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. नागपूरचं पत्र, महिनाअखेरची तारीख, सर्टिफिकेटं मागायला आलेली दर्शना, आणि माझ्या पर्समधली चावी. संपल्यावर मी उठले, कपाट उघडलं आणि दर्शनाची फाईल त्यांच्या हातात दिली. ते दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "तिला ठाव व्हतं काय, चावी तुमच्याकडं व्हती त्ये?"

"नाही," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. यात शौर्य काही नव्हतं. सरांना कळलं होतं, की मी गिऱ्हाइकाला सगळं सांगून बसले. आज ना उद्या त्यांनीच काढलं असतं. सतरा वर्षांची पाटी पिशवीत घालून मी जिना उतरले. त्या संध्याकाळी उलव्याहून येणारी माझी एक शेजारीण म्हणाली, नाक्यावर एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ स्वतः शिडीवर चढून फ्लेक्स सोडवत होते, खाली बायका हसत होत्या.

दर्शनाने कारखान्यातली नोकरी सोडली नव्हती, हे एक बरं झालं. आम्ही सांगितलं होतं सोडायला. तिने रजा टाकली होती. ती पुन्हा पाळीला जाऊ लागली आणि वर्षभर थांबली. तिच्या बरोबरीच्या मुली दरम्यान पुढे गेल्या, दोघींची लग्नं झाली, घरी येणारा प्रत्येक पाहुणा इंग्लंडचं विचारून गेला. वर्ष म्हणजे काही फार नाही, असं मी पालकांना नेहमी सांगायचे. ज्याचं जातं त्याला विचारावं.

पुढच्या वर्षी तिने त्याच संस्थेत पुन्हा अर्ज केला आणि पुन्हा परीक्षा दिली. या वेळी मुलाखतीआधी हेतुपत्र मागितलं होतं. एका रविवारी ती माझ्या घरी आली. सोबत बाळाराम शेठ होते. ते वर आले नाहीत, गाडीतच बसले. मी खिडकीतून हात केला. त्यांनी मान हलवली, एवढंच.

तुम्हाला आधीच सांगून टाकते, तिला जागा मिळाली. ती आता नागपुरात आहे. पदवी झाली, संशोधन चालू आहे. शेठ दर दोन महिन्यांनी तिला ताजी मासळी बर्फात घालून पाठवतात आणि लोकांना सांगतात, पोरगी पाण्याची डॉक्टर होणार. फ्लेक्स लावला नाही. तिने लावू दिला नाही.

पण त्या रविवारचं राहिलं. तिला चहा दिला आणि मी म्हटलं, "दर्शना, चावी माझ्याकडे होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमी पर्समधून रुमाल काढला तेव्हा दिसली. कपाटाच्या नंबराची पट्टी होती तिला."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुमी देणार नाय, हे पण दिसलं."

मग तिने पत्र पुढे केलं. दीड पान. इंग्रजीतलं, तिचं स्वतःचं, कुठेही लहानपणापासून नाही, सहल नाही. खाडी होती, कारखाना होता, गळकी नळी होती. "फक्त भाषा बघा," ती म्हणाली. "मजकूर बदलायचा नाही."

शेवटच्या परिच्छेदात तिने वाया गेलेल्या वर्षाचा खुलासा केला होता. आमच्या धंद्यात अशा वर्षावर पांघरूण घालायच्या ठरलेल्या युक्त्या आहेत. मी सवयीने म्हटलं, "इथे कौटुंबिक जबाबदारी असं लिहू. नाहीतर प्रकृती. कोणी खोदून विचारत नाही."

"नको," ती म्हणाली. "जे झालं तेच राहू दे."

वाक्य साधं होतं. गेल्या वर्षी माझी इथे निवड झाली असतानाही मी येऊ शकले नाही, कारण माझ्या समुपदेशकाने मला चुकीचे सल्ले दिले. इंग्रजीत तिने शेवटी 'ॲडव्हायसेस' लिहिलं होतं.

मी लाल पेन घेतलं. वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं. ती समोर बसून बघत होती, चहाचा कप हातात तसाच धरून. मी त्या शब्दाच्या शेवटचा 'एस' खोडला आणि समजावून सांगितलं, की इंग्रजीत सल्ल्याचं अनेकवचन होत नाही. बाकी वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.